टपावरच्या काळ्या पट्टीखाली काय असतं?

सोलापुरात पाऊस येतो तो जाता जाता. जून-जुलैत आभाळ नुसतं भरून येतं, वारं सुटतं आणि सगळं पुढे निघून जातं. खरा पाऊस सप्टेंबरात, परतीचा. त्यामुळे आपली गाडी गळते हेही आपल्याला सप्टेंबरातच कळतं. आठ महिने ऊन आणि धूळ खाल्लेली गाडी, आणि मग एका रात्रीत दोन-तीन तास धो धो.

मागच्या सप्टेंबरात जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजारच्या काकांचं असंच झालं. सकाळी काकूंना दवाखान्यात न्यायचं म्हणून दार उघडलं, काकूंनी आत पाय ठेवला आणि खालचं मॅट पचपचीत. "काचा बंद, दारं बंद, वर पत्रा अखंड. मग पाणी आलं कुठनं बे?" हा काकांचा सवाल. मी पुण्याजवळच्या एका मोटार कारखान्यात बॉडी शॉप आणि पेंट शॉपमध्ये काही वर्षं काढली आहेत, म्हणून गल्लीतल्या गाड्यांचे असले सवाल माझ्याकडे येतात.

मी टपाच्या कडेला असते ती लांब काळी पट्टी नखाने उचकटायला लागलो, तर काका ओरडलेच. "अरे ती काढू नको! तिनंच तर पाणी अडतंय."

हा समज फक्त काकांचा नाही. बहुतेकांना वाटतं की टप आणि बाजूचा पत्रा यांच्यामध्ये फट आहे आणि ती फट त्या रबराच्या पट्टीने बुजवली आहे. खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती कळली की गळती शोधायची कुठे, सेकंडहँड गाडी बघायची कशी, आणि टपावर सिलिकॉन का फासू नये, हे सगळं ओघाने कळतं.

टप वेगळा, बाजू वेगळी

गाडी बाहेरून एका साच्यातून ओतल्यासारखी दिसते, पण तिचा सांगाडा शेकडो सुट्या पत्र्यांचा असतो. टप हा त्यातला सर्वांत मोठ्या तुकड्यांपैकी एक. प्रेसमध्ये दाबून काढलेला एकसंध पत्रा, जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास. आपली कडक भाकरीसुद्धा याहून जाड असते. बाजूचा पत्रा हा दुसरा मोठा तुकडा: पुढच्या काचेच्या खांबापासून मागच्या दिव्यापर्यंत, दारांची भोकं कापलेली, सगळं मिळून एकच.

आता हे दोन एकमेकांना भिडवायचे कसे? टपाची कड खाली वाकवतात आणि शेवटी थोडी बाहेर दुमडतात. बाजूच्या पत्र्याची वरची कड तशीच खाली वाकवतात आणि आत दुमडतात. मग टपाची दुमड बाजूच्या दुमडीवर बसते. आडवा छेद घेतला तर छोटी नाली दिसेल. एक भिंत टपाची, दुसरी भिंत बाजूच्या पत्र्याची, आणि तळ दोन पत्र्यांचा, एकावर एक. या तळावर वेल्डिंग होतं. बोटभर रुंदीची ही नाली पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत जाते, आणि तिच्यात ती काळी पट्टी बसवलेली असते.

गावाकडे माळवदाच्या घरात जे राहिले त्यांना हे एका वाक्यात समजेल: ही पन्हळ आहे. माळवदावर पांढरी माती असते. ती पाणी अजिबात शोषत नाही असा दावा कुणी आजोबांनीही केला नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच की पाणी वर थांबता कामा नये. म्हणून उतार, आणि उताराच्या टोकाला पन्हळ. गाडीचा टपही मधून किंचित फुगीर असतो. त्यावरचं पाणी कडेला येतं, नालीत उतरतं आणि नालीतून पुढे किंवा मागे वाहून खाली पडतं. काळी पट्टी त्या नालीवरचं झाकण आहे. तिच्या कडेतून पाणी आत जातं, आणि ते जाणारच हे धरून नाली बनवलेली असते. पट्टीचं काम म्हणजे नालीत पाला-कचरा कमी जावा, वेगात वारा शीळ घालू नये आणि जोड डोळ्याला दिसू नये. पट्टी काढून गाडी पावसात उभी केली तरी आत थेंब येता कामा नये. आला, तर दोष पट्टीचा नाही.

टाके घट्ट, पण टाक्यांमध्ये फट

नालीच्या तळाशी जे वेल्डिंग असतं ते आपण ग्रिलवाल्याकडे बघतो तसं, कांडी घेऊन ओढलेलं सलग वेल्डिंग नव्हे. त्याला स्पॉट म्हणतात. तांब्याच्या दोन कांड्या वरून आणि खालून पत्र्यांना चिमटीत धरतात, दोन-अडीचशे किलोच्या जोराने दाबतात, आणि पाव सेकंद किंवा त्याहीपेक्षा कमी वेळ वीज सोडतात. ही वीज 8 ते 10 हजार अँपिअरची असते. घरातला साधा गीझर 9 अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे हजारभर गीझर एकदम. व्होल्टेज मात्र जेमतेम काही व्होल्ट.

गंमत अशी की सगळ्यात जास्त उष्णता तयार होते ती दोन पत्र्यांच्या मध्ये, आत. तांबं वीज सहज नेतं आणि कांडीतून थंड पाणी फिरत असतं, त्यामुळे बाहेरची बाजू टिकते. पत्रा पत्र्याला टेकतो तिथे विजेला अडथळा जास्त, म्हणून तिथेच लोखंड वितळतं, मिसळतं आणि थिजतं. बटणाएवढा, साधारण 5 मिलिमीटरचा ठिपका तयार होतो. तो इतका मजबूत असतो की चांगला स्पॉट ओढून तोडायला गेलं तर ठिपका सुटत नाही, त्याच्याभोवतीचा पत्राच फाटतो. कारखान्यात आम्ही छिन्नीने स्पॉट उचकटून हेच बघायचो. ठिपका पत्र्याचा तुकडा घेऊन बाहेर आला की स्पॉट पास. एलिहू थॉमसन या इंजिनिअरने विजेने धातू जोडण्याची ही रीत 1880 च्या दशकात काढली. आज एका मोटारीत असे तीन ते पाच हजार ठिपके असतात.

पण शिंप्याच्या डोळ्याने बघा. सोलापुरात घरटी कुणीतरी युनिफॉर्म शिवणारं असतं, त्यांना हे सांगायची गरज नाही. टाका कितीही घट्ट असला तरी दोन टाक्यांच्या मध्ये कापड नुसतं कापडाला टेकलेलं असतं. स्पॉटही असेच, साधारण 3 ते 5 सेंटिमीटरवर एक. मधल्या जागेत पत्रा पत्र्यावर टेकलेला, जोडलेला नव्हे. ती फट डोळ्याला दिसत नाही, पण पाण्याला दिसते. उलट फट जितकी बारीक तितकं पाणी जास्त ओढलं जातं. समईत तेल वातीतून वर चढतं ना, तसंच. दोन पत्र्यांच्या मधल्या केसासारख्या फटीत पाणी चढावरसुद्धा जाऊ शकतं.

म्हणून टपाच्या जोडाची दोन कामं आहेत आणि ती दोन वेगळ्या गोष्टी करतात. धरून ठेवायचं काम वेल्डिंगचं. पाणी अडवायचं काम सीलरचं, म्हणजे फट बुजवणाऱ्या पेस्टचं. गॅरेजमध्ये गेल्यावर नव्वद टक्के घोळ हे दोन एकच समजल्यामुळे होतो, असं माझं मत आहे. (टक्केवारी माझ्या अंदाजाची, मोजायला कोण बसतंय.)

सीलर लावायची वेळ

सीलर वेल्डिंग झाल्या झाल्या लावत नाहीत. काही जोडांमध्ये दोन पत्रे एकत्र येण्याआधी मधे एक जाडसर लेप देतात आणि त्याच्यातूनच स्पॉट मारतात, ती गोष्ट वेगळी. पण नालीतला मुख्य सीलर रंगाच्या विभागात लागतो, आणि तिथे क्रम फार महत्त्वाचा आहे.

सांगाडा आधी धुतात, तेल काढतात, फॉस्फेटचा थर देतात. मग अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात. विजेमुळे रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात, आणि ब्रश किंवा गन जिथे कधीच पोचणार नाही अशा पोकळ खांबांच्या आतल्या बाजूलाही बसतात. थर केसापेक्षा बारीक, 20 मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मग सांगाडा भट्टीत जातो, साधारण 170-180 अंशांवर. गंजापासून गाडीचं खरं संरक्षण हा थर करतो. वरचा चकचकीत रंग बराचसा दाखवायचा.

सीलर येतो तो या थरानंतर आणि वरच्या रंगाच्या आधी. म्हणजे उघड्या लोखंडावर हा सीलर कधीच बसत नाही. त्याच्याखाली संरक्षक थर असतो आणि त्याच्यावर रंग. कारखान्यातला सीलर बहुधा पीव्हीसीचा असतो, टूथपेस्टसारखा. रोबो किंवा माणूस गनने नालीत त्याची धार सोडतो, ब्रशने किंवा बोटाने ती दाबतो. बोटाने दाबणं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. जोडाच्या टोकांना, जिथे तीन पत्रे एकत्र येतात, तिथे माणसाच्या बोटाइतकं नेमकं हत्यार मी पाहिलेलं नाही. मग पुन्हा भट्टी. तिथे ही पेस्ट रबरासारखी होते. कडक होत नाही, आणि ती कडक होऊ नये हाच तिचा गुण.

कारण आपलं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर जातो तेव्हा उन्हातल्या गडद रंगाच्या गाडीचा टप 70 अंशांच्या आसपास सहज जातो. हात ठेवून बघा, ठेववणार नाही. लोखंड एका मीटरला, एका अंशाला 12 मायक्रॉन वाढतं. दोन मीटरचा टप पहाटेच्या 25 वरून दुपारच्या 70 वर गेला तर एक मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. खालचे खांब सावलीत असतात, ते तेवढे वाढत नाहीत. ही ओढाताण रोज होते, वर्षानुवर्षं. त्यात विजापूर रोडवरचे खड्डे: एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा सांगाडा किंचित पिळतो. नालीतला पदार्थ रबरासारखा असेल तर तो ताणला जाईल आणि परत येईल. कडक असेल तर तडकेल. म्हणून दोन गोळ्या मळून लावतात ती कडक होणारी पुट्टी पाण्याच्या टाकीला कितीही चांगली असो, टपाच्या नालीत तिला जागा नाही. पहिल्या उन्हाळ्यात तिला भेग जाते, आणि त्या भेगेतून पाणी आत जातं पण बाहेर येत नाही.

कारखान्यातून निघण्याआधी प्रत्येक गाडी शॉवरखालून जाते, चारी बाजूंनी पाण्याचा मारा. तिथे सगळ्या गाड्या कोरड्या निघतात. प्रश्न पुढच्या दहा वर्षांचा असतो.

पूर्वी टप कापडाचा होता

इथे थोडं मागे जातो. पहिल्या महायुद्धानंतरच्या बंद मोटारींना लोखंडी टप नसायचा. कडेने पत्रा, आणि मधल्या मोठ्या चौकोनात लाकडी पट्ट्या, त्यावर जाळी, कापूस आणि वर रबर-लेप दिलेलं कापड. एवढा रुंद पत्रा लाटणाऱ्या गिरण्याच तेव्हा नव्हत्या. कापड उन्हात तडकायचं आणि टप गळायचा. दर दोन-तीन वर्षांनी लेप द्यायचा, अगदी माळवदाला माती टाकतात तसं. जनरल मोटर्सने 1935 च्या मॉडेलांपासून अख्खा पोलादी टप आणला तेव्हा त्याची मोठी जाहिरात केली. बाकीच्यांनी एकामागून एक तेच केलं.

त्या नव्या टपाचा जोड आजच्यासारखा आत लपलेला नव्हता, बाहेर काढलेला होता. अँबेसेडर आठवा. दारांच्या वर बाहेर आलेली पत्र्याची पन्हळ असायची. टप आणि बाजू यांच्या कडा एकत्र करून तिथेच स्पॉट मारलेले. एका दगडात दोन पक्षी: जोडही झाला आणि दार उघडताना डोक्यावर पाणी पडायचं नाही. शिवाय लग्नसराईत कॅरिअर बांधायचा तो याच पन्हळीला आवळून. अँबेसेडर 2014 पर्यंत बनत होती, आणि तशीच पन्हळ असलेली ओम्नी 2019 पर्यंत. अक्कलकोट रोडवर अजून एखादी ओम्नी दिसते, तिच्या पन्हळीत धुळीचा थर आणि त्या थरात उगवलेलं गवतसुद्धा मी पाहिलंय.

पन्हळ गेली ती वाऱ्यामुळे. बाहेर आलेली प्रत्येक कड वेगात आवाज करते आणि इंधन खाते. डिझाइनवाल्यांना ती कुरूपही वाटायची. म्हणून जोड आत ओढला, नाली झाली, आणि नाली झाकायला पट्टी आली.

आता काही गाड्यांना पट्टीही नसते. फोक्सवॅगन-ऑडीच्या गाड्यांनी रुळवलेली रीत म्हणजे लेझरने झाळ देणं. टप आणि बाजूचा पत्रा कडेला कड लावून ठेवायचे, मधल्या खाचेत तांबं-सिलिकॉनच्या मिश्रधातूची तार सोडायची आणि लेझरने ती वितळवायची. ही तार साधारण हजार अंशांवर वितळते, पोलाद वितळायला 1500 च्या आसपास लागतात. त्यामुळे पत्रा वितळत नाही, फक्त तार वितळून दोन्ही पत्र्यांना चिकटते. भांड्याला कल्हई किंवा दागिन्याला डाग देतात, त्याच कुळातली गोष्ट. ही झाळ सलग असते, म्हणून धरायचं आणि पाणी अडवायचं अशी दोन्ही कामं एकटीच करते. घासून रंग दिला की जोड दिसतही नाही. मग सगळे हेच का करत नाहीत? लेझर महाग, आणि दोन पत्र्यांमधली फट फार काटेकोर ठेवावी लागते. नाली आणि पट्टी थोडी चूक पोटात घालतात.

अ‍ॅल्युमिनिअमचा टप पोलादी सांगाड्यावर बसवायचा तर वेगळंच दुखणं. दोघांना स्पॉट नीट लागत नाही, म्हणून रिव्हेट आणि गोंद. अ‍ॅल्युमिनिअम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतं. आणि दोन वेगळे धातू ओले होऊन टेकले की त्यातला एक कुरतडला जातो, म्हणून मध्ये गोंदाचा थर हवाच. बीएमडब्ल्यूने 2003 च्या एम3 सीएसएलला तर कार्बन फायबरचा टप चिकटवला होता. आपल्या पार्क चौकात ती गाडी दिसायची शक्यता कमी, तेव्हा पुढे जाऊ.

टपाखालच्या फासळ्या

टप एवढा पातळ, तर पावसात डब्यासारखा वाजत का नाही? कारण त्याच्याखाली आडव्या पट्ट्या असतात, छातीच्या फासळ्यांसारख्या. या पट्ट्या कडेला वेल्ड केलेल्या, पण मध्ये टपाला वेल्ड केलेल्या नसतात. तिथे वेल्ड केलं तर वरून ठिपक्यांचे खड्डे दिसतील. म्हणून पट्टी आणि टप यांच्यामध्ये च्युइंगमसारख्या गोंदाचे ठिपके घालतात, ते भट्टीत फुगतात आणि टपाला खालून टेकू देतात. जुन्या गाडीत हा गोंद सुकून सुटतो. मग टपावर थोपटलं की ढबढब आवाज येतो आणि पावसाचा आवाज वाढतो. ते दुखणं गळतीचं नाही, आवाजाचं आहे.

गाडी उलटली तर आपल्याला वाचवतात त्या या फासळ्या, कडेच्या पोकळ तुळया आणि खांब, वरचा पातळ पत्रा नव्हे. अमेरिकेत 2009 साली कडक केलेल्या नियमात टपाच्या कडेने गाडीच्या वजनाच्या 3 पट दाब सोसावा लागतो. त्याआधी दीडपट चालायचा. म्हणजे 1100 किलोच्या गाडीच्या टपाच्या एका कडेवर 3300 किलो.

काकांच्या गाडीचं काय झालं

तर पट्टी काढली. खाली नालीत धूळ, कडुनिंबाची वाळलेली पानं, आणि त्यावरून फासलेलं पारदर्शक सिलिकॉन. दोन थर, दोन वेळचे. नखाने ओढलं तर अख्खी दोरी निघून आली, कारण ते पत्र्याला चिकटलंच नव्हतं, धुळीला चिकटलं होतं.

सिलिकॉनवर माझा राग आहे, तो इथे काढून घेतो. ज्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, आणि आम्ल लोखंडाला काय करतं ते सांगायला नको. दुसरं, त्याच्यावर रंग बसत नाही, आणि ते खरवडून काढलं तरी त्याचा अंश राहतो, मग पुढच्या पेंटरच्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. बाथरूमच्या टाइल्सना लावा, खुशाल लावा.

गळती शोधताना एक पथ्य पाळायचं: पाणी जिथे दिसतं तिथून आत आलेलं असेलच असं नाही. ते पत्र्याच्या आतल्या बाजूने, वायरींवरून, पोकळ खांबातून वाट काढत भलतीकडे उतरतं. काकूंच्या पायाखालचं पाणी वरून आलं की खालून, हे आधी ठरवायचं. म्हणून पाइपने आधी खालून सुरुवात: बॉनेट आणि काच यांच्यामधली जाळी, मग दाराची रबरं, मग काचेची कड, शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं, पाइपला नोझल न लावता, नुसती सांडती धार. एक माणूस आत टॉर्च घेऊन. सगळीकडे एकदम पाणी मारलं की काहीच कळत नाही. आतल्या कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली की पाण्याची रेघ स्पष्ट उमटते. आमच्या वेळी आत काकांचा नातू बसला होता, त्याने अर्धा डबा पावडर स्वतःवरच भुरभुरली.

खाली काही नाही, दारं कोरडी. पाइप डाव्या बाजूला काचेच्या वरच्या कोपऱ्यावर, नाली संपते तिथे धरला आणि तीन-चार मिनिटांत आतल्या खांबाच्या कव्हरमागून ओघळ सुरू झाला.

इथे एक सांगायचं राहिलं. टपाची पुढची आणि मागची कडही वेल्ड केलेलीच असते, पण ती काचेखाली लपते. पुढची काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने त्याच कडेवर चिकटवतात, आणि तो गोंदच तिथला सीलर. काकांच्या गाडीची काच तीन वर्षांपूर्वी वाळूच्या टिपरमधून उडालेल्या खड्याने फुटली होती. एका गॅरेजमध्ये नवीन बसवली. जुनी काच कापून काढताना पातं कोपऱ्यातल्या नालीच्या टोकाशी घसरलं असावं. रंग आणि त्याखालचा थर खरवडला गेला, लोखंड उघडं पडलं. त्यावर प्रायमर न लावता काच बसली. गंज आला, गंज फुगतो, फुगताना त्याने शेजारचा कारखान्याचा सीलर उचलला. पाणी नालीतून वाहत आलं की शेवटच्या कोपऱ्यात आत शिरायचं, खांबाच्या पोकळीतून खाली जाऊन काकूंच्या मॅटवर. आणि वरून फासलेल्या सिलिकॉनमुळे पाणी नालीत साचायला लागलं होतं, म्हणजे उपायानेच गळती वाढवली.

डेंटर उस्ताद आमच्या ओळखीचे. त्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "कोना सड़ गया, पट्टी का कसूर नहीं." कोपऱ्यातली काचेची कड मोकळी केली, गंज खरवडून धातू चकचकीत केला, इपॉक्सी प्रायमर, मग पॉलियुरेथेन सीलर. हा सीलर हवेतली ओल घेऊन पक्का होतो, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत त्याला जास्त वेळ लागतो, म्हणून एका परीने सप्टेंबरच बरा. उस्तादांनी दोन दिवस गाडी हलवू दिली नाही. काका रोज जाऊन बोट लावून बघायचे आणि शिव्या खायचे.

सेकंडहँड गाडी बघताना

काळी पट्टी गाडीचा जन्मदाखला आहे, असं उस्ताद म्हणतात. विकणाऱ्याची परवानगी घेऊन टोकाकडची पट्टी हलकेच उचला. कारखान्याचा सीलर एकसारख्या धारेचा असतो आणि त्यावर गाडीचाच रंग असतो. सीलर ओबडधोबड असेल, दोन बाजूंचा वेगळा असेल, किंवा नालीत घासकामाच्या रेघा असतील, तर टप कधीतरी कापून बदलला आहे, म्हणजे गाडी उलटलेली असू शकते. मग दाराच्या चौकटीवरचं रबर ओढा, ते हाताने निघतं आणि हाताने बसतं. आतल्या कडेवर स्पॉटचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसायला हवेत. ठिपक्यांऐवजी खडबडीत वेल्डिंगचे गोळे किंवा घासून सपाट केलेली कड दिसली, तर किंमत न विचारता चहा पिऊन परत या.

सनरूफवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सनरूफच्या काचेभोवतीचं रबर सगळं पाणी अडवत नाही, आणि ते अडवेल असं बनवणाऱ्यानेही धरलेलं नसतं. खाली एक ताट असतं आणि ताटाच्या चार कोपऱ्यांतून चार नळ्या खांबांतून खाली उतरतात. पुन्हा पन्हळच. आपल्याकडच्या धुळीने नळी तुंबली की ताट भरतं आणि छताच्या कापडातून पाणी डोक्यावर. पावसाळ्याआधी सनरूफ उघडून कोपऱ्यात वाटीभर पाणी सोडायचं आणि ते चाकाजवळ खाली पडतं का बघायचं. तार घालून टोचायचं नाही, नळी आत सांध्यातून सुटते आणि मग छत उतरवावं लागतं.

काकांची पट्टी तिसऱ्या दिवशी परत बसली. त्याच रात्री पाऊस आला, मॅट कोरडं. उस्तादांकडून उरलेली सीलरची अर्धी नळी काकांनी मागून आणली होती. सकाळी बघतो तर काकू शिडीवर, मागच्या पत्र्याच्या शेडच्या खिळ्याखिळ्यावर सीलर लावतायत, बोटाने दाबून. काका खाली शिडी धरून उभे.